सतरा नंबरचा फॉर्म

टीसीवर नाव आहे पंचफुला गोमाजी ढोक,
आठवी पास, वर्तणूक चांगली.
लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून
त्याचं अर्चना झालं.
बोर्डाला अर्चना चालत नाही.
म्हणून सव्वीस वर्षांनी, आठवड्यातून तीन सांजा,
दारव्ह्याच्या रस्त्यावरच्या शाळेत
सातवीच्या बाकात गुडघे कोंबून
मी पंचफुला म्हणून बसते.
हजेरीला 'हजर' म्हणायला मला अजून उशीर होतो.

शिकवते मयुरी.
हिनं याच व्हरांड्यात माझ्या हातची खिचडी खाल्ली,
वाटाणे वेचून ताटाच्या काठाला लावायची.
आता मी तिला मॅडम म्हणते, ती मला काकू,
आणि दोघींपैकी कुणीच हसत नाही.

माझ्या वेळी क्ष होता. गाठी मारून बसलेला,
लिहिता लिहिता शाई सुकायची.
आता त्याच्या जागी एक्स आहे,
दोन काड्या आडव्या टाकल्या की झाला.
मी क्षच लिहिते. मयुरी खोडत नाही.

पहिल्या दिवशी मला एवढंच आठवत होतं:
बाजू बदलली की चिन्ह बदलतं.
गुल्हाने गुरुजींनी रूळ आपटून शिकवलेलं.
अधिक सात पलीकडे गेले की वजा सात.
काहून, ते कुणी विचारलं नाही.
मीही गेलेच की पलीकडे,
मेटॅडोरमध्ये, कपाट आणि दोन गाद्यांच्या मधे बसून.

मयुरी म्हणाली, "कोणी उडी मारत नाही, काकू.
इकडून सात काढले, म्हणून तिकडूनही सातच काढायचे.
नाहीतर बरोबर बरोबर राहत नाही."
खडू हातात तसाच राहिला.
दोन्हीकडून?
आमच्या वेळी तर एकाच घरातून काढलं होतं.
हे मी बोलले नाही.
तीन क्ष बरोबर पंधरा, एवढं लिहिलं,
आणि खाली, पाच.

मग एकदा तिनं दोन चलांचं घातलं.
लहान पोरांना शंभर ग्रॅम तांदूळ, मोठ्यांना दीडशे.
पोरं बासष्ट. तांदूळ सात किलो चारशे.
लहान किती, मोठे किती?
गॅरेजवाला इरफान पेनाचं टोपण चावत होता.
मी म्हणाले, मोठे चोवीस.
"कसं?"
कसं काय. समद्यायले शंभर शंभर धरले,
बासष्टशे झाले.
वरचे बाराशे कोणाच्या पोटात गेले? मोठ्यायच्या,
पन्नास पन्नास.
गंजात पाणी ठेवायच्या आधी रोज हेच करतो न बाप्पा.
मयुरी फळ्याकडे वळली
आणि पुसलेलाच फळा पुसत राहिली.
मग म्हणाली, पुस्तकात याला चलाचा लोप म्हणतात.
लोप.
शब्द मी सांबाराच्या जुडीबरोबर पिशवीत घालून घरी आणला.

वजा गुणिले वजा अधिक का, हे मात्र
मला पटलेलं नाही.
पाठ केलंय. मार्चपुरतं.

रात्री भांडी झाली की ओट्यावर वही.
नवरा बाज आत घेता घेता विचारतो,
रोज, हरवलेल्या बकरीबद्दल विचारावं तसं:
"सापडला का तुहा तो?"
"सापडला. वजा दोन निघाला."
बाज दारात अर्धी अडकते.
"म्हंजे नसल्यापेक्षाबी कमी?"
"हो."
"अन् तरी उत्तर बरोबर?"

मी ताळा करते.
वजा दोन त्याच्या जागी ठेवून पाहते, पहिल्यापासून,
डावीकडे किती, उजवीकडे किती.
तो बाज तशीच धरून उभा.

"बरोबर," मी म्हणते.
"घ्या आता आत. मच्छर येऊन राह्यले."